विषारी हवा ओळखणारे यंत्र



विहिरीचा गाळ काढायला माणूस उतरतो आणि खाली कोसळतो. त्याला काढायला भाऊ धावतो, तोही पडतो. लोक म्हणतात, विहिरीने बळी घेतला. विहीर बळी घेत नाही. बळी घेते ती न दिसणारी हवा. ती कशी ओळखावी, हे आज आम्ही सांगणार आहोत.

चांगल्या हवेच्या १०० भागांत सुमारे २१ भाग प्राणवायू असतो. जुन्या विहिरीत, गोबरगॅसच्या किंवा मैल्याच्या टाकीत तो कमी होतो. तेथे दुसरे वायू साठतात. एक मिथेन. तो पेट घेतो. त्याला रंग नाही, वास नाही. दुसरा हायड्रोजन सल्फाइड. त्याला कुजक्या अंड्यांसारखा वास येतो. पण हा वायू मोठा लबाड, बरं का! तो जास्त झाला की नाकच बधिर होते. वास थांबला म्हणजे वायू गेला, असे माणसाला वाटते. तेथेच घात होतो.

पूर्वी ब्रिटनमध्ये कोळशाच्या खाणीत पिंजऱ्यातून कॅनरी पक्षी नेत. विषारी वायूने माणसाआधी पक्षी मान टाकी. १८१५ साली हम्फ्री डेव्ही यांनी जाळीचा दिवा केला. मिथेन असला की त्याची ज्योत वाढे. प्राणवायू कमी झाला की ती मंद होई.

आपल्याकडे विहिरीत कंदील सोडतात. पण कंदील जळत राहिला म्हणून हवा चांगली, असे नाही. हायड्रोजन सल्फाइड त्याला कळत नाही. आणि मिथेन साठलेला असेल तर ज्योतीने स्फोट होतो.

आता खाणींत आणि कारखान्यांत मुठीत मावणारे यंत्र वापरतात. वायू ओळखणाऱ्या त्याच्या भागाला सेन्सर म्हणतात. मिथेनच्या सेन्सरमध्ये प्लॅटिनमची बारीक तार असलेला मणी असतो. तो विजेने तापवलेला असतो. मिथेन आला की मण्यावर जळतो. तार आणखी तापते आणि विजेला अडवू लागते. हा फरक यंत्र मोजते. पण जळायला प्राणवायू लागतो. म्हणून प्राणवायू आधी पाहतात.

विषारी वायूचा सेन्सर म्हणजे बॅटरीसारखी इवलीशी डबी. वायू आत शिरला की थोडी वीज तयार होते. वायू जास्त, तर वीज जास्त. मर्यादा ओलांडली की यंत्र ओरडते, दिवा लुकलुकतो.

उतरण्याआधी यंत्राने वरची, मधली आणि तळाची हवा तपासतात. माणूस खाली असेपर्यंत यंत्र चालूच ठेवतात. यंत्राचीही वेळोवेळी परीक्षा घ्यावी लागते.

मंडळी, यंत्र नसेल तर उतरू नका. मैल्याच्या टाकीत संरक्षणाच्या साधनांशिवाय माणूस उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. कोणी पडला, तर मागोमाग उडी घालू नका. ११२ वर फोन करा. माया आहे म्हणून माणूस उतरतो, हे आम्ही जाणतो. पण एका घरातून दोन तिरड्या निघू नयेत.