घरीच असते

(विहाराच्या वर्धापनदिनी महिला मंडळाच्या वतीने केलेले भाषण)



मला बोलायची सवय नाही, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

जूनमध्ये मुलीने शाळेचा फॉर्म भरला. 'आईचा व्यवसाय' पुढे तिने लिहिले, 'काही नाही'. मी सुकट भाजत होते. काही बोलले नाही, पण त्या दिवशी सुकट करपली.

आपल्याच जिल्ह्यात महाडला डिसेंबर १९२७ मध्ये मनुस्मृती जाळली, हे पोरांना पाठ आहे. तिथे बाबासाहेब बायांशीही बोलले, ते आपण कमी सांगतो. लुगडं नीट घोट्यापर्यंत नेसा, ओझ्याचे दागिने टाका, मुलींना शिकवा, दारू पिऊन आलेल्याला जेवायला वाढू नका. आता सांगा, ही कामं कुठली? घरातलीच ना?

माता रमाईंच्या नावाने आपण नुसते डोळे पुसतो, ते मला पटत नाही. १९२० ते १९२३ बाबासाहेब लंडनला शिकत होते, तेव्हा इथला टंचाईतला संसार त्यांनी रेटला. पाचांतली चार लेकरं गेली, एकटे यशवंत राहिले. १९४० साली बाबासाहेबांनी पाकिस्तानवरचा ग्रंथ त्यांच्या स्मृतीला अर्पण केला, तो काय काही न करणाऱ्या बाईला?

मुलीचा फॉर्म मी खोडला नाही. संध्याकाळी वंदना झाल्यावर तिच्या भावाला भांड्यांना बसवलं. तो कुरकुरला. ह्यांनी पेपर बाजूला ठेवून विचारलं, "हे काय चाललंय?"

म्हटलं, "काही नाही."

इथेच थांबते. जयभीम.