शांताबाई दाणी : आपल्या खडकाळीची लेक



आज ज्या बाईंविषयी मी बोलणार आहे त्या आपल्या समाजाच्या नव्हत्या, पण आपल्या गावच्या होत्या. शालिमारजवळची खडकाळी आपणा सर्वांच्या रोजच्या पायाखालची. तिथेच एका गरीब महार कुटुंबात १ जानेवारी १९१९ रोजी शांता धनाजी दाणी यांचा जन्म झाला. (ही तारीख शाळेत नाव घालताना नेमली गेली असावी, अशी मला आपली शंका. माझ्या हजेरीपटावरही निम्मी मुले १ जूनला जन्मलेली आहेत!)

आई कष्टकरी, घरात अठराविश्वे दारिद्र्य. त्यात मुलगी. तरीही पोरीने शिकावे हा आईचा ध्यास होता. शांता अकरा वर्षांची असताना, २ मार्च १९३० रोजी, पंचवटीत काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. पाच वर्षे तो रेंगाळला, लोकांनी मार खाल्ला, तुरुंग भोगला. दार काही उघडले नाही. अखेर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली. हे सारे आपल्या गावात आणि आपल्या जिल्ह्यात घडत होते, आणि ही मुलगी त्याच हवेत वाढत होती.

पुढे त्या कॉलेजात गेल्या. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या मार्गदर्शनाखाली शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या कामात पडल्या. फेडरेशनची स्थापना झाली तेव्हा, जुलै १९४२ मध्ये, नागपूरला दलित स्त्रियांची मोठी परिषदही भरली होती. तिने काय ठराव केले पाहा : पत्नीलाही घटस्फोटाचा हक्क असावा, एकीवर दुसरी बायको करण्यास कायद्याने बंदी असावी, कामकरी स्त्रियांना रजा मिळावी. मुलींच्या लग्नाची घाई करू नका, असे बाबासाहेबांनी तिथे आयाबायांना सांगितले. ऐंशी वर्षांहून अधिक काळ लोटला, आणि याच गोष्टींवर आपल्या मोहल्ल्यांत अजून बोलणे निघाले की लोक विषय बदलतात.

शांताबाई १९६८ ते १९७४ विधान परिषदेच्या सदस्य होत्या. पण आमदारकीपेक्षा मला त्यांचे वसतिगृहांचे काम मोठे वाटते. नाशिकमध्ये रमाबाई आंबेडकरांच्या नावाने मुलींची सोय त्यांनी उभी केली. वसतिगृह म्हणजे काय, हे ज्याने चालवले त्यालाच कळते. धान्य आणायचे, अनुदानासाठी कचेरीचे उंबरे झिजवायचे, एखादी मुलगी तापाने फणफणली तर रात्रभर उशाशी बसायचे. शांताबाईंनी लग्न केले नाही. परक्यांच्या मुलींसाठीच त्या आयुष्यभर राबल्या.

आता पालकांशी थोडे रोखठोक बोलतो. मुलगी दहावी झाली की माझ्याकडे वडील येतात. ‘सर, पुढं कॉलेज लांब आहे, जमाना खराब आहे.’ मी त्यांची काळजी खोटी मानत नाही. पण हीच काळजी खेड्यापाड्यांतल्या दलित आईबापांना नव्हती का? त्यांच्याजवळ तर भाड्याचे पैसेही नव्हते. त्यांनी मुली पाठवल्या, कारण नाशिकात एक बाई आहे, ती लक्ष ठेवील, हा भरवसा होता. असा भरवसा देणारी बाई आपल्यातून का निघू नये? १० ऑक्टोबर १८५६ च्या पत्रात सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिताना फातिमाची आठवण काढली आहे. म्हणजे या कामात आपल्या घरातल्या बाईचे नाव पावणेदोनशे वर्षांपूर्वीच लागलेले आहे.

सावित्रीबाईंच्याच नावाचा राज्य पुरस्कार शांताबाईंना १९८७ साली मिळाला. १९९० साली त्यांचे ‘रात्रंदिन आम्हां’ हे आत्मकथन प्रसिद्ध झाले. शब्दांकन भावना भार्गवे यांचे. मराठी सोपी आहे, आठवी-नववीच्या मुलींना सहज वाचता येईल. मुलींनी वाचून झाल्यावर अम्मीला मोठ्याने वाचून दाखवावे, असे मी सुचवतो. अब्बा शेजारच्या खोलीत बसून ऐकतीलच.

९ ऑगस्ट २००१ रोजी शांताबाई गेल्या. आपल्या समाजाच्या मुलींसाठी या शहरात वसतिगृह असावे, हा विषय पालकसभेपुढे मी मांडणार आहे. त्या दिवशी वडिलांबरोबर आयांनीही यावे.