मोतीबिंदू काढल्यावरची वारी



शतकपूर्तीच्या या सोहळ्यात मालकांनी आम्हा म्हाताऱ्या टाळकऱ्यांना सांगितलं, तुमचे डोळे नवे झालेत, त्यावर चार शब्द बोला. म्हणून उभे राहिलो. हे कीर्तन नव्हे, अनुभव आहे.

डोळ्यातलं भिंग वयानं गढूळ होतं, तोच मोतीबिंदू. दुखत नाही, खुपत नाही, हळूहळू चढतो. दिवे घाटात समोरच्या टँकरचा दिवा फुटल्यासारखा पसरतो. पहाटेच्या चालीत खड्डा कळत नाही. हरिपाठाचं पुस्तक मागं-पुढं करून बघावं लागतं. पंढरीत मुखदर्शनाच्या रांगेतून सरकताना तर विठुरायाच्या जागी नुसती काळी सावली अन् भोवती दिव्यांचं धुकं. हात जोडायचे, पुढं व्हायचं.

ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, तेव्हा आधी रंगच अंगावर आले. गढूळ भिंग पिवळसर असतं. ते गेलं की निळं खरं निळं दिसतं आणि धोतर पांढरं. (ते किती मळलंय हेही दिसतं!) पुढच्या आषाढीला कपाळीचं गंध दिसलं, तुळशीहाराची पानं दिसली, कमरेवरचे हात दिसले. रांग थांबू देत नाहीत, पण तेवढ्यात दिसलं.

पूर्वी भिंग काढून जाड काचांचा चष्मा देत. 1949 साली लंडनच्या हॅरॉल्ड रिडले या डॉक्टरांनी पहिल्यांदा डोळ्यात कृत्रिम भिंग बसवलं. लढाईत वैमानिकांच्या डोळ्यात विमानाच्या काचेचे प्लास्टिकचे कण घुसलेले, ते डोळ्याला बाधत नाहीत हे त्यांनी पाहिलं होतं. आज तेच काम बारीक छेदातून होतं. सरकारी दवाखान्यात ते मोफत आहे. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1976 पासून चालू आहे.

आता मुद्द्याचं. आपल्यात अजून म्हणतात, मोतीबिंदू पिकू दे, मग काढू. माउली, तो काही आंबा नव्हे. फार पिकला तर भिंग फुगतं, डोळ्यातला दाब वाढतो, आणि त्यानं गेलेली नजर ऑपरेशननंही परत येत नाही. रोजचं काम अडायला लागलं की डॉक्टरांना दाखवायचं.

दुसरी अडचण, वारी चुकेल. मग वारीच्या तोंडावर करूच नका. नंतर महिना-दीड महिना थेंब घालावे लागतात, डोळ्यात धूळ-पाणी जाऊ द्यायचं नसतं. रिंगणात अश्वाच्या टापांखालची माती कपाळी लावायला आपण धावतो, चंद्रभागेत डोक्यावरून बुडी मारतो. ताज्या डोळ्याला दोन्ही घातक. कार्तिकीहून आलं की करायचं, म्हणजे ज्येष्ठापर्यंत डोळा पक्का होतो. डोळा दुखला, लाल झाला, अंधुक झाला तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. घरगुती औषध, मध, काजळ काही नको.

सगळ्यांचं सारखं होत नाही, हेही सांगतो. साखरेनं आतला पडदा खराब झाला असेल किंवा काचबिंदू असेल, तर मोतीबिंदू काढूनही पुरतं दिसत नाही. आणि पोथी वाचायला बहुतेकांना चष्मा लागतोच, आम्हालाही लागला.

यंदा कार्तिकीनंतर तपासणीला मिळून जायचं ठरलंय. यायचं असेल त्यांनी प्रसाद झाल्यावर चोपदारांकडे नाव सांगा. सोबत सून, नातू कुणी तरी आणा; थेंब आपले आपल्याला नीट घालता येत नाहीत.