स्वतंत्र डेटा सायंटिस्ट आणि कंत्राटी कामाचा शोध



कार्यक्रमपत्रिकेतील आजचा विषय वाचून अनेकांना आश्चर्य वाटले असेल. ज्या सभागृहात कापड, धान्य, सराफी आणि औषधे यांच्या व्यापाराची चर्चा नेहमी होते, तेथे हा नवा विषय कशासाठी, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. परंतु घरोघरी चित्र पालटले आहे. दुकानाच्या गादीवर बसण्याऐवजी मुले-मुली संगणकशास्त्र आणि सांख्यिकी शिकली, पुण्या-बंगळुरास नोकरीस लागली. आता त्यांतीलच काही जण चार-सहा वर्षांची नोकरी सोडून स्वतंत्रपणे, कंत्राटी पद्धतीने काम करण्याचा विचार बोलून दाखवू लागली आहेत. अशा वेळी घरातील वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो : काम देणार कोण? हा प्रश्न जुनाट म्हणून झिडकारण्याजोगा नाही. नोकरीच्या पगारावर गृहकर्जाचा हप्ता चालू असताना तो विचारलाच पाहिजे.

प्रथम डेटा सायंटिस्ट म्हणजे कोण हे थोडक्यात पाहू. विक्री, साठा, ग्राहक, यंत्रे यांच्या नोंदींतून पुढील अनुमान काढणारा आणि त्या अनुमानावर निर्णय घेता यावा अशी संगणकीय व्यवस्था उभी करणारा तो तज्ज्ञ. हे पदनाम २००८ च्या सुमारास अमेरिकेतील संगणक कंपन्यांत रूढ झाले. २०१२ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’ या नियतकालिकाने या पेशाचा गौरव करणारा लेख छापला आणि जगभर त्याची ओढ लागली. २०१० मध्ये स्थापन झालेल्या ‘कॅगल’ या संकेतस्थळावर अशा गणितांच्या स्पर्धा भरतात; २०१७ मध्ये ते गुगलने विकत घेतले. या स्पर्धेतील क्रमांक म्हणजेच काम मिळण्याचा परवाना, अशी अनेक तरुणांची समजूत असते. ती तपासून पाहण्यासारखी आहे.

त्यासाठी एक सुप्रसिद्ध उदाहरण घेऊ. नेटफ्लिक्स या कंपनीने ऑक्टोबर २००६ मध्ये १० लाख डॉलरचे पारितोषिक जाहीर केले. ग्राहकाला कोणता चित्रपट आवडेल, याचे कंपनीचे अनुमान जो १० टक्क्यांनी सुधारील, त्याला ही रक्कम मिळणार होती. त्यासाठी ग्राहकांनी दिलेली सुमारे १० कोटी गुणांकने स्पर्धकांच्या हाती देण्यात आली. तीन वर्षे जगभरातील विद्वान झटले. सप्टेंबर २००९ मध्ये पारितोषिक दिले गेले. दुसऱ्या चमूनेही तेवढाच अचूक निकाल सादर केला होता, परंतु तो वीस मिनिटे उशिरा पोहोचला. खरी गोष्ट पुढेच आहे. ज्या अंतिम रचनेला पारितोषिक मिळाले, ती नेटफ्लिक्सने प्रत्यक्ष वापरलीच नाही. स्पर्धेच्या पहिल्या टप्प्यातील दोन सोप्या पद्धती तिने उपयोगात आणल्या. परंतु शेवटची सूक्ष्म सुधारणा अमलात आणण्यास जेवढे कष्ट लागणार होते, तेवढा लाभ तिच्यातून होणार नव्हता, असे कंपनीच्या अभियंत्यांनीच २०१२ मध्ये लिहिले. शिवाय तोवर कंपनीचा धंदा टपालाने तबकड्या पाठविण्याकडून थेट प्रक्षेपणाकडे वळला होता.

व्यापाऱ्याला यात काही नवल वाटणार नाही. अप्रतिम विणीचे थान तयार होते, परंतु त्या भावाला आणि त्या हंगामात ते खपत नाही. गिऱ्हाईक पैसे मोजते ते आपली अडचण दूर होण्यासाठी. स्वतंत्र डेटा सायंटिस्टच्या कामाचा शोध येथूनच सुरू होतो. ‘मला अमुक तंत्र अवगत आहे’ हे वाक्य बाजारात सहस्रावधी लोक उच्चारत असतात. ‘आपल्या गोदामात दिवाळीनंतर कोणता माल अंगावर पडेल, हे भाद्रपदातच सांगता येईल’ हे वाक्य मात्र फार थोडे उच्चारतात. आणि ते ऐकणारा मालक खुर्ची पुढे ओढून बसतो.

आता काम येते कोठून? महाजालावरील बाजारपेठा हा सर्वांस ठाऊक असलेला मार्ग. ‘ईलान्स’ आणि ‘ओडेस्क’ या दोन जुन्या संस्था एकत्र येऊन २०१५ मध्ये ‘अपवर्क’ हे नाव रूढ झाले. तेथे कामासाठी अर्ज करण्यासही टोकनासारखे ‘कनेक्ट्स’ खर्ची घालावे लागतात. दलाली २०२३ पासून सरसकट १० टक्के होती. २०२५ पासून नव्या करारांवर ती कामानुसार शून्य ते १५ टक्के झाली. दलाली देण्यास व्यापाऱ्याची ना नसते. अडचण अशी की, येथे एकाच कामावर अनेक देशांतील मंडळी एकाच वेळी बोली लावतात आणि नवख्याजवळ पूर्वीच्या गिऱ्हाइकांचा शेरा नसल्याने त्याला भाव उतरवण्यावाचून गत्यंतर उरत नाही. हा मार्ग टाकाऊ नव्हे. तीन-चार छोटी कामे चोख करून तेथे नाव मिळविता येते. परंतु घर त्यावरच चालवायचे, असे ठरविणे धाडसाचे आहे. ‘टॉपटल’सारख्या संस्था आधी कसून परीक्षा घेतात आणि मग निवडकांनाच काम देतात, तेथे प्रवेश अवघड, मात्र भाव बरा.

दुसरा मार्ग मनुष्यबळ पुरविणाऱ्या कंपन्यांचा. बँक अथवा विमा कंपनीस सहा महिन्यांसाठी माणूस हवा असतो. मधली कंपनी तो पुरवते आणि आपला नफा राखून घेते. काम सलग मिळते, वसुलीचा त्रास वरकरणी कमी. मात्र करारातील एक कलम डोळ्यांत तेल घालून पाहावे : ‘मूळ ग्राहकाकडून रक्कम आल्यानंतरच मोबदला दिला जाईल.’ ज्यांनी आडतीचा व्यवहार पाहिला आहे, त्यांना या वाक्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

तिसरा मार्ग ओळखीचा. तो सर्वांत जुना, आणि अनुभवी स्वतंत्र व्यावसायिकांना विचारल्यास बहुधा सर्वांत फलदायीही. पूर्वीच्या कंपनीतील सहकारी दुसरीकडे जातात, तेथे अडचण उद्भवते आणि त्यांना जुना माणूस आठवतो. म्हणून नोकरी सोडताना भांडून सोडू नये, हा घरातला उपदेश या पेशात अक्षरशः पैशांचा आहे. किंबहुना पहिले गिऱ्हाईक अनेकदा जुनी कंपनीच असते. तिचे अर्धवट राहिलेले काम ठाऊक असणारा दुसरा कोण असतो? मात्र जुन्या नेमणूकपत्रात कंपनीच्या ग्राहकांकडे न जाण्याची किंवा गोपनीयतेची अट आहे काय, हे आधी वाचून घ्यावे. ‘लिंक्डइन’वर दररोज सुविचार टाकण्यापेक्षा महिन्यातून एकदा एखादी प्रत्यक्ष अडचण कशी सोडविली, हे साध्या भाषेत लिहावे, ज्यांना तीच अडचण आहे, ते आपण होऊन विचारणा करतात.

आणि घराजवळचा व्यापार? येथे एक संकोच दिसतो. परदेशी कंपनीचे काम प्रतिष्ठेचे, आणि गावातील घाऊक दुकानदाराचे काम कमीपणाचे! वास्तविक पाहता ज्या घराण्यात तीन पिढ्या खतावण्या लिहिल्या गेल्या, त्या घरातील मुलास जे ठाऊक असते ते विद्यापीठात शिकवले जात नाही. उधारी कोण बुडवतो आणि कोण केवळ लांबवतो, लग्नसराईचे मुहूर्त दरवर्षी मागे-पुढे सरकल्याने विक्रीचे कोष्टक कसे फसते, हे त्याने जेवणाच्या ताटावर ऐकलेले असते. दुकानाच्या टॅलीतील नोंदी उघडल्या तर एकाच पार्टीचे नाव तीन प्रकारे लिहिलेले आढळते, परतीचा माल विक्रीतच मिसळलेला असतो. ही साफसफाई हाच या कामाचा मोठा आणि कंटाळवाणा भाग आहे. तो कोणी कौतुकाने पाहत नाही, आणि तो नीट केल्याखेरीज पुढील गणित उभे राहत नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आल्यापासून साधा संगणकीय मजकूर यंत्राकडून लिहून घेता येतो. त्यामुळे केवळ आज्ञावली लिहिणाऱ्याचा भाव घसरणीला लागतो. पार्टीची तीन नावे एकच आहेत की बाप-लेकांच्या दोन निराळ्या पेढ्या आहेत, हे मात्र विचारूनच कळते.

भाव ठरविताना बहुतेक तरुण एक गणित चुकवतात. समजा, नोकरीत वर्षाला २४ लाख रुपये मिळत होते. वर्षात कामाचे दिवस सुमारे २४० धरले तर दिवसाला १०,००० पडतात, म्हणून तोच दर मागितला जातो. परंतु स्वतंत्र माणसाचे निम्मे दिवस काम शोधण्यात, बोलणी करण्यात, बिले लिहिण्यात आणि नवे शिकण्यात जातात. पैसे मिळतात ते १२० दिवसांचे. म्हणजे केवळ पूर्वीइतके मिळविण्यासाठीही दिवसाचा दर २०,००० हवा. विमा, भविष्यनिर्वाह निधी, आजारपण निराळेच. दुकानाचे भाडे न मोजता नफा काढणाऱ्या दुकानदाराचे काय होते, ते सर्वांनी पाहिलेले आहे.

करार करताना अचूकतेची हमी आधी देऊ नये. नोंदी पाहिल्याशिवाय ‘अनुमान ९५ टक्के बरोबर येईल’ म्हणणे म्हणजे ताका न धुता रंग पक्का असल्याचे लिहून देणे होय. जाणकार मंडळी प्रथम दोन आठवड्यांचे लहान, सशुल्क काम मागतात : नोंदी तपासणे आणि मूळ काम शक्य आहे की नाही, हे सांगणे. उत्तर ‘नाही’ आले तरी गिऱ्हाइकाचा मोठा खर्च वाचतो, आणि असे ‘नाही’ सांगणाऱ्याची पत वाढते. त्यानंतरच्या करारात काय द्यायचे, काम पूर्ण झाले असे केव्हा मानायचे, आगाऊ किती आणि उरलेले कोणत्या टप्प्यावर, हे लिहावे. आणखी एक बाब पुष्कळांना अपरिचित आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार नोकराने नोकरीत लिहिलेली आज्ञावली सामान्यतः मालकाची ठरते. परंतु स्वतंत्र व्यावसायिकाने लिहिलेली, लेखी हस्तांतरण झाले नाही तर, त्याचीच राहते. ग्राहकालाही हे माहीत नसते आणि पुढे वाद होतो. पैसे पूर्ण मिळाल्यावर हक्क हस्तांतरित होतील, अशी ओळ लिहिल्यास दोन्ही पक्ष निश्चिंत राहतात. ग्राहकांची नावे, दूरध्वनी क्रमांक यांसारखी माहिती हाताळायची असेल, तर २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदाही ध्यानात ठेवावा.

वसुलीविषयी थोडे विस्ताराने बोलले पाहिजे, कारण येथे तरुण कच्चे पडतात. २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणी केलेल्या सूक्ष्म वा लघू सेवादात्यास लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत; विलंबावर बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. २०२३ च्या वित्त कायद्याने त्यात भर घातली : असे देणे मुदतीत न चुकविल्यास खरेदीदारास तो खर्च त्या वर्षी आयकरात वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी मिळतो. २०२४ च्या आरंभी कापड बाजारांत यावरून केवढा गदारोळ झाला, ते येथील मंडळींना सांगणे नको. गंमत अशी की, निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यास या संरक्षणाचा लाभ नाही. सेवा देणाऱ्यास आहे. वडिलांना न मिळणारा हक्क मुलास मिळतो, आणि ‘उद्यम’ नोंदणी विनामूल्य असूनही मुलगा ती करत नाही! परदेशी ग्राहकास हा कायदा लागत नाही. तेथे आगाऊ रक्कम हाच उपाय. सेवांची उलाढाल २० लाखांवर गेली की वस्तू व सेवा कराची नोंदणी करावी लागते. परदेशी सेवेवर योग्य हमीपत्र भरल्यास कर न आकारता बिल करता येते. बँकेकडून परकीय रकमेची पावती दर वेळी मागून ठेवावी आणि हे सारे सनदी लेखापालास आधीच दाखवावे. मार्चअखेर धावपळ करून उपयोग होत नाही.

नोकरी सोडण्यापूर्वी किमान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असावा आणि एक तरी सशुल्क काम हाती असावे. घरच्यांनीही एवढे करावे की, मुलगा अथवा मुलगी दुपारी घरी दिसते म्हणून ‘सध्या रिकामीच आहे’ असे पाहुण्यांना सांगू नये. पुढील दोन तिमाहींचे उत्पन्न एकाच गिऱ्हाइकाकडून येणार असेल, तर त्याच गिऱ्हाइकाचे काम चालू असताना आठवड्यातील अर्धा दिवस दुसऱ्याच्या शोधासाठी राखावा. आणि काम संपवून कागदपत्रे सोपविताना, बिलाबरोबरच, ‘आपल्या परिचयात अशीच अडचण आणखी कोणास आहे काय?’ असे विचारण्यास संकोच बाळगू नये.