खबर आणि पुरावा
(पोलीस पाटील व पंच म्हणून काम करणाऱ्या नागरिकांसमोर केलेले भाषण)



चोरी झाली तर घरधनी फिर्याद देतो. अमली पदार्थांच्या व्यवहारात मात्र विकणारा बोलत नाही आणि घेणाराही बोलत नाही. म्हणून पुष्कळशा कारवायांचा आरंभ गुप्त बातमीदाराच्या खबरेपासून होतो. ‘खात्रीलायक बातमी मिळाल्यावरून’ हे शब्द आपण पंचनाम्यात वाचले असतीलच. न्यायालय या बातमीकडे कोणत्या दृष्टीने पाहते, हे आज सांगावयाचे आहे.

गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम १९८५ साली अंमलात आला. खबर कोठून मिळाली हे सांगण्याची सक्ती अधिकाऱ्यावर करता येत नाही, असे त्याचे कलम ६८ सांगते. हे योग्यच आहे. नाव फुटले तर बातमीदाराच्या जिवाला धोका, आणि उद्या दुसरा कोणी तोंड उघडणार नाही.

परंतु खबर म्हणजे पुरावा नव्हे. जो साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहत नाही, त्याची उलटतपासणी होऊ शकत नाही. बांधाच्या वादातून किंवा भाऊबंदकीच्या वैरातूनही खबर दिली जाऊ शकते. अशी दुष्ट हेतूने दिलेली खोटी खबर अटकेस वा झडतीस कारण झाली, तर कलम ५८ अन्वये दोन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. दुसरीकडे, व्यापारी प्रमाणातील माल सापडल्यास किमान शिक्षाच दहा वर्षे सक्तमजुरीची आहे. इतक्या कठोर कायद्यात न्यायालयाने डोळ्यांत तेल घालून पाहणे क्रमप्राप्त ठरते.

न्यायालय बातमीदाराचे नाव विचारीत नाही. खबरेचे पुढे काय झाले, हे विचारते. घर, वाहन वा बंदिस्त जागा यांच्या झडतीसाठी कलम ४२ ने रीत घालून दिली आहे. अधिकाऱ्याने खबर लिहून घ्यावी आणि तिची प्रत ७२ तासांच्या आत आपल्या निकटच्या वरिष्ठाकडे पाठवावी. कर्नेल सिंग विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने २००९ साली याचा खुलासा केला. निकडीच्या प्रसंगी लेखनास विलंब झाला आणि त्याचे समाधानकारक कारण दिले, तर तो क्षम्य आहे. मुळीच पालन न करणे मात्र चालणार नाही.

अंगझडतीबाबतही असेच आहे. राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती देण्याचा आपला हक्क आहे, हे संशयितास सांगितलेच पाहिजे, असे २०१० साली विजयसिंह चंदुभा जडेजा प्रकरणात आणखी एका पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ठरविले.

या कागदांना कोणी केवळ सोपस्कार म्हणू नये. झडतीपूर्वी लिहिलेली खबर ही मागाहून रचलेल्या हकिकतीला मोठा अडसर असते. निरपराध माणसाला तिचा आधार आहे, आणि प्रामाणिक अधिकाऱ्यालाही. एक नोंद राहिली म्हणून खरा गुन्हेगार सुटला, तर बातमीदाराने पत्करलेला धोकाही वाया जातो.

येथेच आपले कर्तव्य येते. पंच म्हणून बोलावणे आले तर जरूर जावे. जे पाहिले तेवढ्याचीच साक्ष द्यावी; वेळ, जागा, वजन आणि मोहोर स्वतः पाहावी; कोऱ्या कागदावर सही करू नये. खबर दारापर्यंत नेते. आत काय सापडले, हे सांगणारे आपणच आहात.