चिठ्ठी वाचता आली पाहिजे
(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



मला शिक्षणावर बोलायला सांगितले आहे. पण मी औषधावर बोलणार आहे. दोहोंचा संबंध काय, ते शेवटी आपणच ठरवा.

आमच्या अम्मींना सांधेवाताचा जुना विकार. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट नावाची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायला सांगितली; चिठ्ठीतही तसेच होते. दुकानातून आलेल्या पाकिटावर मात्र 'रोज एक' असे लिहिले गेले. अम्मींनी ती नऊ दिवस इमानेइतबारे घेतली. तोंड आले, ताप भरला, घास गिळेना. रुग्णालयात ठेवावे लागले. अल्लाहच्या कृपेने आणि डॉक्टरांच्या शिकस्तीने त्या वाचल्या. पाकीट लिहिणारा चुकला, हे खरेच. पण घरात बी. ए., बी. एड. झालेला मी होतो आणि ती चिठ्ठी मी एकदाही उघडून पाहिली नव्हती!

औषधातली चूक किती महाग पडते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात रोग्यांना दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे विष मिसळलेले होते. मूत्रपिंडे निकामी होऊन 14 रोगी दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. तेथे औषधच दूषित होते. आमच्या घरी औषध चांगले होते, पण सूचना चुकली. रोग्याच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 साली औषधांमुळे होणारी टाळता येणारी गंभीर हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याची मोहीम सुरू केली, ती उगाच नव्हे.

आपल्या भागात उपचारांची परंपरा मोठी. मिरजेत डॉ. वॉन्लेस यांनी 1894 साली रुग्णालय काढले. 1962 साली तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. सातारा, सांगली आणि सीमेपलीकडचे रोगी तेथे येतात. कोणी मराठी बोलतो, कोणी कानडी, कोणी उर्दू. अशा गर्दीत चूक टाळण्यासाठी परिचारिकांना पाच गोष्टी शिकवतात: योग्य रोगी, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. म्हणून सिस्टरने दर खेपेला नाव विचारले तर चिडू नका. पूर्ण नाव सांगा. कोणते औषध पूर्वी सोसले नाही, तेही न विचारता सांगा.

आता घरची गोष्ट. चिठ्ठीवरील 'ओडी' म्हणजे दिवसातून एकदा, 'बीडी' दोनदा, 'टीडीएस' तीनदा, 'एसओएस' म्हणजे गरज पडली तरच. नावे सारखी असली म्हणून औषध एक नसते: क्लोरप्रोपामाइड साखरेवरचे, तर क्लोरप्रोमाझीन मनाच्या आजारावरचे. बाळाचे पातळ औषध घरच्या चमच्याने देऊ नका. बाटलीसोबतच्या मापानेच द्या. इन्सुलिनच्या बाटल्या 40 युनिटच्या असतात आणि 100 युनिटच्याही. सिरिंज त्याच आकड्याची हवी, नाहीतर मात्रा अडीचपट चुकते. दोन डॉक्टरांची औषधे चालू असतील, तर सगळी पाकिटे एका पिशवीत घालून दोघांनाही दाखवा.

रमजानमध्ये गोळ्यांच्या वेळा मनानेच बदलणारे आपल्यात बरेच आहेत. साखरेच्या रोग्याने महिना सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांना भेटावे. आजाऱ्याला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत कुरआन शरीफच्या सूरह बकरामध्येच आहे. ती घेण्यात कमीपणा कसला?

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एकच गृहपाठ देतो. आज घरी गेल्यावर दादी-नानींच्या औषधांची पिशवी उघडा. प्रत्येक पाकीट चिठ्ठीशी ताडून पाहा. मोठ्या अक्षरांत, त्यांना वाचता येईल त्या लिपीत, औषधाचे नाव व वेळ लिहून भिंतीवर लावा. कोठे मेळ बसला नाही, तर औषध देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. विचारण्यात बेअदबी नाही.

ज्या घरात एक मूल शिकले, त्या घरात चिठ्ठी न वाचता गोळी दिली जाऊ नये. माझ्या मते शिक्षणाचा पहिला उपयोग हाच.

खुदा हाफिज.