सती सुलोचना : पहिला कानडी बोलपट

कानडी भाषेंतील पहिला बोलपट ‘सती सुलोचना’ ३ मार्च १९३४ रोजीं बंगळुरास झळकला. परंतु त्याचें चित्रण झालें तें कोल्हापुरास, छत्रपति सिनेटोनमध्यें! कथा रामायणांतील, दृष्टि मात्र लंकेच्या अंतःपुराची. इंद्रजिताची पत्नी सुलोचना ही नायिका. रामाचा जय तोच तिच्या सौभाग्याचा अंत. इंद्रजिताचें युद्ध कर्नाटकांतील खेड्यापाड्यांतून यक्षगानांत रात्ररात्र रंगत असे. प्रेक्षकांस कथानक नवें नव्हतें, नवा होता तो पडद्यावरून येणारा कानडी बोल. दिग्दर्शक वाय. व्ही. राव, इंद्रजित सुब्बय्या नायडू, सुलोचना त्रिपुरांबा, रावण आर. नागेंद्रराव. नायडू व नागेंद्रराव हे रंगभूमीवर मुरलेले नट. संवादप्रधान बोलपटास असेच नट हवे होते. त्या चित्रपटाची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. सुलोचनेचा तो विलाप आतां कोणाच्याच कानीं पडावयाचा नाहीं.